घोटा धरून की घोटा सोडून?

हाड मोजायचं साधन अगदी साधं असतं. एका टोकाला पक्की उभी फळी, समोर सरकती दुसरी, खाली मिलिमीटरच्या खुणा. मांडीचं हाड आडवं ठेवायचं, सरकती फळी त्याला भिडवायची आणि हाड किंचित हलवत सर्वांत मोठं माप टिपायचं. समजा, ते ४५ सेंटिमीटर आलं. २.३८ ने गुणून ६१.४१ मिळवले की उत्तर १६८.५. म्हणजे साधारण साडेपाच फुटांचा पुरुष. सूत्राची प्रमाण त्रुटी ३.२७ सेंटिमीटर. अनोळखी सांगाड्याला उंची मिळते आणि बेपत्ता माणसांची यादी आखूड होते.

हे सूत्र गोऱ्या अमेरिकन पुरुषांचं. त्याआधीची कोष्टकं मृतदेहांवर बेतलेली होती. फ्रान्समध्ये एटिएन रोले यांनी १८८८ साली १०० मृतदेह मोजून ती केली होती. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर १९४८-४९ मध्ये हवाईतल्या लष्करी प्रयोगशाळेत गेल्या. महायुद्धात पॅसिफिकमध्ये पडलेल्या जवानांची ओळख तिथे पटवली जात होती. ओळख पटलेल्या जवानाची हाडं टेबलावर आणि भरतीच्या वेळी मोजलेली उंची कागदावर, अशी जोडी ट्रॉटर यांना मिळाली. जवानांच्या जोडीला टेरी संग्रहातले सांगाडेही घेऊन त्यांनी गोल्डीन ग्लेसर यांच्यासह १९५२ मध्ये सूत्रं प्रसिद्ध केली. ती जगभर वापरली गेली.

नडगीचं हाड मात्र फसवत राहिलं. या हाडाचं खालचं टोक म्हणजे पायाच्या आतल्या बाजूला हाताला लागणारा घोटा. ट्रॉटर यांच्या लेखी व्याख्येत तो धरलेला होता, प्रत्यक्ष मोजताना सुटला होता. १९९०च्या दशकात जँट्झ, हंट आणि मेडोज यांनी मूळ नोंदी तपासल्या, तेव्हा मापं १० ते १२ मिलिमीटरनी तोकडी निघाली. व्याख्येबरहुकूम घोटा धरून मोजणाऱ्याने तेच सूत्र लावलं की उंची सरासरी अडीच ते तीन सेंटिमीटरनी जास्त यायची.

तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटांचं अंतर. पण तेवढ्यानेच एखादं नाव यादीबाहेर जाऊ शकतं, आणि त्या नावामागे कुणाची तरी आई वाट पाहत असते.

तरीही मला ट्रॉटर यांच्याबद्दल आदरच वाटतो. त्यांच्या नोंदी जपलेल्या होत्या, टेरी संग्रहातली हाडंही जपलेली होती. म्हणूनच चाळीस वर्षांनी चूक सापडली आणि दुरुस्तीही करता आली. आपल्याकडच्या तपासातही हे ध्यानात ठेवायला हवं. पायांचं उंचीशी प्रमाण सगळ्या लोकसमूहांत सारखं नसतं. परक्या जवानांवरून काढलेलं सूत्र इथल्या सांगाड्याला डोळे झाकून लावता येत नाही. ते कुणाच्या हाडांवरून काढलं आणि कसं मोजून काढलं, हे आधी विचारलं पाहिजे.

मेलेल्याला आपलं माप तपासून पाहता येत नाही. म्हणून नडगीचा आकडा लिहिणाऱ्याने त्याच्या शेजारी तीन शब्द लिहावेत: आतला घोटा धरून.