सिकलसेल : लाल पेशीच्या पोटात काय घडते?

शाळेच्या विज्ञानाच्या वहीत मुले पेशीची आकृती काढतात. बाहेर पातळ पटल, आत केंद्रक, आणि दोन्हींच्या मधली जागा भरणारे ते पेशीद्रव्य. परीक्षेत दोन गुण मिळतात आणि विषय संपतो. पण विदर्भातील आपल्या कितीतरी घरांत याच पेशीद्रव्यातल्या बिघाडामुळे लेकरे रात्र रात्र हातपाय धरून रडतात. सिकलसेलविषयी आपण अनेकदा ऐकले आहे. या वेळी आम्ही थोडे पेशीच्या आत शिरून तो समजावून सांगणार आहोत, कारण आतले कळले की पथ्य का पाळायचे तेही कळते.

पेशीद्रव्य म्हणजे नुसते पाणी नव्हे. पाणी सर्वांत जास्त, पण त्यात प्रथिने, क्षार, साखर असे बरेच काही असते. साखर फोडून ऊर्जा मिळवण्याची सुरुवात तिथेच होते, नवी प्रथिनेही तिथेच बनतात. पाणी किती आणि प्रथिन किती, हे प्रमाण पेशीला सतत सांभाळावे लागते. हे प्रमाण लक्षात ठेवा.

रक्तातली लाल पेशी तयार होताना आपले केंद्रक टाकून देते. मग उरते काय? पटलाची पिशवी आणि तिच्यात ठासून भरलेले हिमोग्लोबिन. पेशीच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग एकटे हिमोग्लोबिन असते. एका पेशीत त्याचे जवळपास २७ कोटी रेणू मावतात. इतक्या दाटीतही ते एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून पेशी मऊ राहते आणि आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. गंमत अशी की ही पेशी जन्मभर प्राणवायू वाहते, पण स्वतः तो वापरत नाही.

सिकलसेलमध्ये चूक अगदी लहान असते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्लांचे मणी असतात; त्यांतला सहावा मणी बदललेला असतो. फुप्फुसातून प्राणवायू घेऊन निघालेली पेशी ठीक असते. तो देऊन झाला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात. पातळ पेशीद्रव्य ताठरते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. सिकल म्हणजे विळाच. प्राणवायू मिळाला की ती पुन्हा सरळ होते, पण असे वारंवार झाले की वाकलेलीच राहते. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. आणि वाकलेल्या पेशी बारीक वाहिनीत अडकल्या की हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना.

आता पाण्याकडे येऊ. शरीरातले पाणी कमी झाले की लाल पेशीच्या आतलेही कमी होते. हिमोग्लोबिन तेवढेच, जागा कमी, दाटी वाढते. ही दाटी थोडीशी जरी वाढली तरी काड्या कितीतरी पट लवकर बनतात. 'पाणी भरपूर प्या' हा सल्ला डॉक्टर उगाच सवयीने देत नाहीत. ताप, जुलाब, वैशाखातले ऊन, वीटभट्टीवरचे काम, कडाक्याची थंडी, अतिश्रम, सगळे वाईट. बुद्ध पौर्णिमेच्या मिरवणुकीत किंवा दीक्षाभूमीच्या गर्दीत सिकलसेलचे मूल सोबत असेल तर पाण्याची बाटली आणि सावलीत बसायला वेळ, एवढे ठेवाच. शाळेत अशा मुलाला पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ द्यावे, हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवावे.

हा आजार संसर्गाने होत नाही. करणीने, बाधेने तर नाहीच. अंगाऱ्यात घालवलेला दिवस रुग्णाला महागात पडतो. दोष आईवडिलांकडून येतो. एकाकडूनच आला तर व्यक्ती 'एएस', म्हणजे वाहक. तिला सहसा काही त्रास नसतो. दोघांकडून आला तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या अर्जांत उंची, शिक्षण, पगार सगळे विचारतात, सिकलसेलचा रकाना मात्र क्वचितच दिसतो. तो असावा, असे आम्हाला वाटते. त्याचबरोबर मुलगी वाहक निघाली म्हणून स्थळ मोडणारेही आम्ही पाहतो, आणि मुलाची तपासणी मात्र झालेलीच नसते. हे अज्ञान आहे. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केले तर मूल रुग्ण होत नाही. फक्त जोडीदाराला दुसरा कोणता हिमोग्लोबिनचा दोष, उदाहरणार्थ थॅलेसेमिया, नाही ना हे पाहावे. यात जातीच्या रक्ताचा काही दोष नाही. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक जास्त तगले, म्हणून आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस आणि आपल्याकडील आदिवासींतही तो सापडतो.

बोटातून रक्ताचा थेंब घेऊन होणारी सोल्युबिलिटी चाचणी सिकलसेल आहे की नाही एवढेच सांगते. एएस की एसएस, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच ठरते. पहिल्या चाचणीवर थांबू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात पहिली चाचणी फसवी ठरते, कारण त्याच्या पेशींत अजून गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि ते काड्यांत सामील होत नाही. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत, वरचेवर रक्त तपासून घ्यायच्या. मूल हवे असेल तर पती किंवा पत्नी, जे कोणी गोळ्या घेत असेल त्याने आधी डॉक्टरांशी बोलावे. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.

जोराचा ताप, छातीत दुखून धाप लागणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला अचानक फुगणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. प्रमाणपत्रासाठी जाताना एचपीएलसीचा अहवाल आणि आधीच्या भरतीची कागदपत्रे जवळ ठेवावीत.