हार्ड डिस्क मरणपंथास लागते तेव्हा

पाम, टेंभी, कुंभवली आणि बोईसरच्या वसाहती येथील ज्या घरांतून आमचे विद्यार्थी येतात, त्यांपैकी पुष्कळ घरांत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अद्याप कोपऱ्यात उभा असतो. मोबाईल हाती आल्यापासून त्याचा मान कमी झाला खरा. तथापि घरातील जुनी छायाचित्रे, वडिलांच्या नोकरीचे कागद, दुकानाचा हिशेब, थोरल्या भावाने बारावीत केलेला प्रकल्प, हे सारे त्याच्याच पोटात असते. असा संगणक एके दिवशी सुरू व्हावयास पंधरा मिनिटे घेऊ लागतो, मध्येच थिजतो, किंवा आतून टक्-टक् असा आवाज येऊ लागतो. अशा वेळी काय करावे, आणि विशेषेकरून काय करू नये, ह्याविषयी पालक आम्हांस वारंवार विचारतात. सबब हा लेख.

ही वस्तू आहे तरी काय, हे प्रथम पाहू. लोक ज्यास ‘सीपीयू’ म्हणतात त्या उभ्या डब्यात लहानशा शब्दकोशाएवढी धातूची एक जड पेटी असते. तिच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या एका आसावर बसविलेल्या असून त्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेतात. ७२०० फेऱ्यांच्या चकतीचा काठ ताशी सुमारे १२५ किलोमीटर वेगाने फिरतो. बोईसर स्थानकात न थांबता निघून जाणारी गाडी डोळ्यांपुढे आणावी. चकतीवर चुंबकीय खुणांच्या रूपाने मजकूर लिहिलेला असतो, आणि ग्रामोफोनच्या तबकडीवर जशी सुई फिरते, तसे ह्या चकतीवर एका दांड्याच्या टोकास बसविलेले वाचनशीर्ष फिरते. भेद इतकाच की, सुई तबकडीस टेकते, आणि हे शीर्ष चकतीस टेकले की घात झाला. ते हवेच्या पातळ थरावर तरंगत असते, आणि मधले अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. मनुष्याचा केस ८० हजार नॅनोमीटरांच्या आसपास जाड असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे धुळीचा एक कण ह्या यंत्रास पर्वतप्राय का वाटतो ते कळेल.

१९५६ साली आयबीएम कंपनीने ह्या जातीचे पहिले यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्यात दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे मावत असत. आज मोबाईलवर काढलेले एकच छायाचित्र पुष्कळदा तेवढी जागा घेते.

इतके नाजूक यंत्र वर्षानुवर्षे चालते ह्याचेच नवल करावे. ते झिजते, आसाचे बेअरिंग झिजते, चकतीवरील काही जागा वाचेनाशा होतात. आमच्या भागात त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली विजेची. तारापूरचे अणुवीजकेंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. पण शेजारच्या गावांतही पावसाळ्यात वीज जातेच, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वीज अकस्मात गेली असता डिस्क आपले शीर्ष सावरून बाजूस घेते, परंतु जी फाइल लिहिणे चालू होते ती अर्धवटच राहते. दुसरी गोष्ट समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेची. तिने केबलीच्या टोकांवर गंज चढतो. म्हणून डिस्कवर दोष ठेवण्यापूर्वी संगणक बंद करून, वीजपुरवठ्याची पिन काढून, डिस्कची केबल बदलून पाहावी. ती थोडक्या पैशांत मिळते. आजारी म्हणून आणलेल्या डिस्कचा रोग केवळ केबलीत निघावा, असे कित्येकदा घडते.

केबल बदलूनही दोष राहिला, तर डिस्कलाच विचारावे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवते. तिला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नामक मोफत प्रोग्रामने ती वही वाचता येते. तीत तीन आकडे पाहावेत: निकामी ठरून बदललेल्या जागा किती, संशयित म्हणून राखून ठेवलेल्या किती, आणि मुळीच न वाचलेल्या किती. हे आकडे शून्य असावेत. आज पाच, उद्या चाळीस असे वाढत असतील, तर दिवस भरत आले असे समजावे. गूगल कंपनीच्या तीन संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील साठ दिवसांत बंद पडण्याचा संभव, निर्दोष डिस्कच्या मानाने ३९ पट अधिक असतो, असे त्यांस दिसून आले. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट निघाली, आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे: बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी अशी कोणतीही पूर्वसूचना दिलीच नव्हती.

आता मुख्य मुद्दा. होडी गळू लागली असता सातपाटीचा कोणताही मच्छीमार भर समुद्रात तिची डागडुजी करीत बसणार नाही. तो आधी माणसे किनाऱ्यास लावील. डिस्कचेही तसेच आहे. मरू घातलेल्या डिस्कच्या अंगी मोजक्याच फेऱ्या उरलेल्या असतात, आणि त्या सर्व प्रती काढून घेण्याकडे खर्च झाल्या पाहिजेत. डिस्क बाजारात विकत मिळते. आजीचा आवाज मिळत नाही.

ह्या एका नियमावरून काय करू नये ते आपोआप ठरते. दुरुस्तीच्या आशेने ‘चेकडिस्क’ चालवू नये; तो प्रोग्राम डिस्कचा कोनाकोपरा वाचावयास लावतो, वाईट जागी तिला पुनःपुन्हा झगडावयास लावतो, आणि वर फाइलींच्या अनुक्रमणिकेत फेरफारही करतो. धडधाकट डिस्कला ते औषध आहे. मरणाऱ्या डिस्कला तो व्यायाम सोसत नाही. त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. पेटी उघडून आत डोकावू नये, कारण घरातल्या हवेतील धूळ तिचा निकाल लावील. डिस्क पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी असा एक तोडगा सांगतात. आमच्या दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढताच तिला घाम फुटतो, आणि तो पाण्याचा अंश चकतीवर बसला की उरलीसुरली आशा संपते. आणि कोणी ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हटले, तर त्यास हात जोडून नको म्हणावे.

पाममधील एका विद्यार्थ्याच्या घरी हेच झाले. त्याच्या दिवंगत आजीने लग्नात म्हटलेली गाणी तिच्या नातीने ध्वनिमुद्रित करून संगणकात ठेविली होती. संगणक मंद झाला. वडिलांची पाळी रात्रीची, त्यांस सवड नाही. ओळखीच्या एका कारागिराकडे तो दिला. त्याने प्रामाणिकपणे आपले काम केले, म्हणजे डिस्क पुसली व विंडोज नव्याने घातले. आत काय आहे हे त्यास कोणी सांगितले नाही, व त्यानेही विचारले नाही. महिनाभराने डिस्क बंद पडली ती पडलीच. ती गाणी आता दोघी वृद्ध बहिणींच्या स्मरणात तेवढी उरली आहेत, आणि त्या दोघींचे सूर जुळत नाहीत, असे तो मुलगा सांगतो.

प्रत काढावी ती अशी. आजारी डिस्कवरून विंडोज सुरूच करू नये, कारण नुसते सुरू होण्यातच तिला हजारो लहान लहान गोष्टी वाचाव्या व लिहाव्या लागतात. ती काढून दुसऱ्या चांगल्या संगणकास जोडावी, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. डिस्क निमूटपणे वाचत असेल, तर जे पुन्हा मिळणार नाही ते प्रथम उतरवावे. दहावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळू शकेल, सातबारा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा काढता येईल, चित्रपट व गाणी तर सोडूनच द्यावीत. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, स्वतः लिहिलेले कागद व दुकानाचा हिशेब ह्यांस पहिला मान. डिस्क अडखळत असेल, तर ‘डीडीरेस्क्यू’ नामक मोफत प्रोग्राम फार उपयोगी पडतो. तो सबंध डिस्कची प्रत काढताना प्रथम सुलभ भाग उचलतो, अवघड जागा टाळून पुढे जातो, कोठे काय राहिले ते टिपून ठेवितो, आणि मग शेवटी त्या अवघड जागांकडे वळतो. मात्र कोणती डिस्क जुनी व कोणती नवी हे देताना अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते. तेव्हा हे काम जाणत्या माणसास शेजारी बसवून करावे.

मराठी घरांनी आणखी एक खबरदारी घ्यावी, जी इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे पत्रे, लग्नपत्रिका, मंडळांची इतिवृत्ते ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालींच्या फॉन्टांत टंकित होत असत. अशा फाइलीत मराठी अक्षरे वस्तुतः साठविलेलीच नसतात. इंग्रजी चिन्हे असतात व फॉन्ट त्यांस मराठी रूप देतो. फाइल वाचविली आणि फॉन्ट मागे राहिला, तर नव्या संगणकावर आजोबांच्या पत्राऐवजी अर्थहीन चिन्हांची रास उमटते. म्हणून विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरचीही प्रत काढावी. तसेच ‘डेस्कटॉप’वर ठेविलेल्या वस्तू व टॅलीचा डेटा फोल्डर पुष्कळांकडून विसरले जातात.

टक्-टक् आवाज येत असेल किंवा डिस्क ओळखलीच जात नसेल, तर मात्र वरीलपैकी काहीही न करता संगणक ताबडतोब बंद करावा. शीर्ष चकतीस घासत असण्याचा संभव असतो, आणि दर मिनिटास चकतीवरील लेप खरवडला जातो. अशी डिस्क निर्धूळ खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच उघडतात. खर्च मोठा येतो, यशाची हमी नसते. तो खर्च करावा की नाही हे आत काय आहे त्यावर प्रत्येक कुटुंबाने ठरवावे. आम्ही त्यात सल्ला देत नाही.

प्रत हाती आल्यावर जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. तीत फिरणारे काही नसल्याने म्हातारा संगणकही चपळ होतो. पण एसएसडीही बिघडते, आणि ती पुष्कळदा आवाज न करता एकाएकी जाते. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. ज्या जुन्या यंत्रावर पुढील आवृत्ती चालत नाही, त्यावर लिनक्स घालता येईल.

जुनी डिस्क तशीच भंगारवाल्यास देऊ नये. तीत आधार कार्ड व बँकेचे कागद असतात. प्रती तपासून झाल्यावर तिला दोन-तीन ठिकाणी ड्रिलने आरपार भोके पाडून मग ती ई-कचऱ्यात द्यावी. वाचविलेल्या वस्तूंच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक घरी व दुसरी परगावच्या मामाच्या किंवा आत्याच्या घरी, आणि दिवाळीच्या सुटीत मुलांनी दोन्ही जोडून त्यांतील दहा-वीस फाइली उघडतात की नाही ते पाहावे.