गणवेश ठरवताना आधी हवामान पाहा

हॉटेल असो, पेट्रोल पंप असो की कपड्यांचं दुकान, कर्मचाऱ्यांचा गणवेश ठरवायला बसलं की पहिली चर्चा रंगाची आणि लोगोची होते. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी व्हावी. हे कपडे कोण, कोणत्या महिन्यात आणि किती तास घालणार आहे, हे आधी विचारायला हवं.

सुती धागा सर्वसाधारण हवेत वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा निव्वळ पॉलिएस्टरचा शर्ट घाम टिपत नाही, अंगाला चिकटून बसतो. जुलैत मालवणच्या हॉटेलात मात्र सुती शर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. तिथे मिश्र धाग्याचं टेरीकॉट कामाला येतं. म्हणून उन्हाळ्याला सुताचं प्रमाण वाढवावं आणि पावसाळ्यात दोनऐवजी तीन जोड द्यावेत. तिसऱ्या जोडाचा खर्च मालकाला खुपतो, पण दमट कपड्यांत दहा तास उभं राहणाऱ्याची अवस्था त्याहून जास्त खुपायला हवी.

स्वयंपाकघरात तर ऋतूचाही प्रश्न नाही. पॉलिएस्टर आगीत वितळतं आणि कातडीला चिकटतं. भट्टीपाशी, तव्यापाशी बारा महिने जाड सुती कापडच हवं.

ऑर्डर कधी द्यायची, हेही ऋतूवरच ठरतं. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडतात. त्यामुळे गणवेशासाठी नावाजलेल्या सोलापुरातले कारखाने उन्हाळाभर शाळांच्या कामात बुडालेले असतात. पावसाळी जोड हवे असतील तर मापं होळीच्या आधी घेतलेली बरी. दिवाळीचे कपडे श्रावणात शिवायला जावेत, म्हणजे नमुना घालून पाहायला आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. मापं प्रत्येकाची घ्यावीत. पुरुषांच्या मापाचा शर्ट लहान करून बायकांना देण्याची सवय आता सोडायलाच हवी. त्यांच्या कुर्त्यालाही मोबाइल मावेल एवढा खिसा लागतो.

आता लोगो. जाड, जाळीदार विणीच्या कॉलर टी-शर्टवर भरतकाम शोभतं. पातळ शर्टाला त्याने चुण्या पडतात आणि आतली बाजू घामात टोचते, तिथे छोटी छपाई पुरे. पाठभर रबरी छपाई केली की तेवढ्या भागातून हवा जात नाही. उन्हात गाड्यांना पेट्रोल भरणाऱ्याला ती देऊ नये.

रंग निवडला की सगळं कापड एकाच लॉटमधून घ्यावं, कारण पुढच्या रंगाईत छटा थोडी तरी बदलते. चार-पाच जोडांचं कापड जास्तीचं घेऊन ठेवलं, तर मधेच कामावर आलेल्या नव्या मुलालाही पहिल्याच आठवड्यात त्याच्या मापाचा शर्ट शिवून देता येतो.