खान्देशातील उन्हाळा आणि वनस्पतियुक्त मत्स्यालय : निर्मिती व संगोपन

प्रस्तावना :-
मत्स्यालय ही केवळ शोभेची वस्तू नसून ती एक लहानशी परिसंस्था होय. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती, गोल्डफिश व गोगलगायी एकत्र ठेवून वनस्पती व प्राणी परस्परांच्या आधाराने जगतात हे दाखविले. मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापणाऱ्या जळगाव-धुळे परिसरात हा समतोल कसा राखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मिती :-
६० × ३० × ३० सें.मी. आकाराच्या टाकीची धारणक्षमता ५४ लिटर असते. तळाशी मातीचा पातळ थर व त्यावर धुतलेल्या वाळूचा ४ ते ५ सें.मी. थर द्यावा. कपाशीच्या शेतातील माती टाळावी. तीत खते व कीटकनाशके यांचे अंश असू शकतात. कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. हायड्रिला व व्हॅलिसनेरिया या वनस्पती अशा पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची आवश्यकता भासत नाही. प्रारंभी दोन-तीन गप्पी मासेच सोडावेत, कारण अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात.

संगोपन :-
२० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३५ अंशांवर हे प्रमाण सुमारे ७ मिलिग्रॅमवर येते. त्याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. वनस्पती दिवसा ऑक्सिजन देतात, परंतु रात्री श्वसनासाठी त्याही तो वापरतात. म्हणूनच उन्हाळ्यात पहाटेची वेळ सर्वाधिक धोक्याची ठरते. यास्तव दाट वाढ छाटावी, मासे मोजकेच ठेवावेत आणि वायुपंप रात्रभर चालू ठेवावा. बाष्पीभवनाने पाणी घटते, क्षार मात्र टाकीतच राहतात. ही घट जड पाण्याने भरत राहिल्यास क्षारांचे प्रमाण वाढत जाते. ती साठविलेल्या पावसाच्या पाण्याने भरून काढावी. शिवाय दर आठवड्यास सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे.

समारोप :-
महाविद्यालयांची उन्हाळी सुट्टी नेमकी याच दिवसांत येते. सुट्टीपूर्वी छाटणी करून, टाकीच्या देखभालीची जबाबदारी प्रयोगशाळा परिचराकडे निश्चितपणे सोपवावी. नको असलेले मासे व वनस्पती मेहरूण वा नकाणे तलावात सोडू नयेत. खान्देशात मत्स्यालयाचे यश महागड्या उपकरणांपेक्षा स्थानिक पाणी व हवामान यांच्या आकलनावर अधिक अवलंबून आहे.