सापाचे भय आणि आपला मेंदू

पावसाळ्यात उज्जैनकडील सोयाबीनच्या शेतात साप दिसला, की विचार करण्याआधीच पाय मागे येतो. मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक भाग, अमिग्डाला, धोक्याची वर्दी देतो; छाती धडधडते, अंग ताठते. ही देवाने दिलेली राखणच होय. परंतु पुढे दोरी पाहूनही दचकणे, शेतच टाळणे सुरू झाले, तर पीक हातचे जाते. टाळल्याने तात्पुरते हायसे वाटते, म्हणून मेंदू तेच पुन्हा करवतो व भीती मुरत जाते. यासाठी गमबूट घालून, काठी घेऊन, सोबतीने रोज थोडा थोडा वेळ शेतात जावे. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ वर गाडी बोलावून सरकारी इस्पितळ गाठावे.