मँगनीजची धूळ किती चालेल?

मध्य प्रदेशातल्या वारासिवनीच्या एका अंगाला बालाघाटजवळची भरवेलीची खाण, दुसऱ्या अंगाला तिरोडीची. राज्याची सीमा ओलांडली की भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. हा सगळा पट्टा मँगनीजचा, आणि त्यातल्या या चारही मोठ्या खाणी सरकारी कंपनी ‘मॉइल’च्या. भरवेलीला फेरोमँगनीजचा कारखाना आहे. डोंगरी बुजुर्गला बॅटरीच्या सेलसाठी लागणारे मँगनीज डायऑक्साइड तयार होते. दगड फोडताना धूळ उडते, भट्टीतून धूर निघतो. त्यातला किती नाकात गेलेला चालेल, याचा आकडा कायद्यात लिहिलेला असतो. तो कशावरून ठरला, हे मात्र ज्याच्या नाकात धूळ जाते त्याला सहसा कोणी सांगत नाही.

मँगनीज शरीराला लागते. धान्यातून, चहातून ते पोटात जाते आणि जास्तीचे यकृत बाहेर काढून टाकते. श्वासातून आलेल्या बारीक धुळीला हा पहारा लागत नाही. ती फुप्फुसातून रक्तात उतरते, तिथून मेंदूत जाते आणि हालचाली सांभाळणाऱ्या भागात साठते. 1837 साली स्कॉटलंडमध्ये कूपर या डॉक्टरांनी मँगनीजचा खनिज दगड दळणाऱ्या कामगारांमध्ये यातून होणारी व्याधी प्रथम नोंदवली. पाय लुळे पडलेले, आवाज खोल गेलेला. त्याआधीची चाहूल अनेकदा घरच्यांनाच लागते: झोप उडते, चिडचिड वाढते, माणूस विनाकारण हसतो, रडतो. पुढे चेहरा निर्विकार होतो, चाल चवड्यांवर येते. लक्षणे कंपवातासारखी, पण कंपवाताची औषधे इथे फारशी लागू पडत नाहीत. खाण सोडल्यावरही आजार वाढू शकतो.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक पदार्थांच्या मर्यादांची यादी जोडली गेली. मँगनीजच्या धुळीला कमाल मर्यादा मिळाली घनमीटर हवेमागे 5 मिलिग्रॅम. धुराला आठ तासांच्या सरासरीने 1 मिलिग्रॅम. कष्टाचे काम करणारा माणूस एका पाळीत साधारण 10 घनमीटर हवा ओढतो.

मग 1992 साली बेल्जियममधल्या एका बॅटरी कारखान्यातल्या 92 कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या हवेतल्या एकूण धुळीतले मँगनीज सरासरी 1 मिलिग्रॅमच्याही आत होते. उघड आजारी असे कोणी दिसत नव्हते. तरी चाचण्यांमध्ये त्यांचा हात जास्त थरथरला, खूण दिसल्यावर प्रतिसाद द्यायला जास्त वेळ लागला, डोळ्याचा आणि हाताचा मेळ कमी पडला. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने 1995 साली आपली शिफारस 0.2 मिलिग्रॅमवर आणली आणि 2013 मध्ये फुप्फुसात खोल जाणाऱ्या बारीक धुळीसाठी ती 0.02 केली. युरोपीय संघाने 2017 मध्ये त्याच बारीक धुळीसाठी 0.05 हा आकडा धरला.

याच बेल्जियमच्या कामगारांच्या मोजमापांवरून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने वस्तीतल्या लोकांसाठीही आकडा काढला. कामाचे तास चोवीस तासांवर पसरवले, वर आणखी हजाराने भागले; एक कारण हे की वस्तीत पोरे असतात, गरोदर बाया असतात, आजारी म्हातारी माणसे असतात. उत्तर आले 0.00005 मिलिग्रॅम. धूळ तीच. वस्तीतल्या माणसासाठी एवढी खबरदारी आणि कामगारासाठी मात्र त्याच्या कितीतरी पट सूट, हा निवाडा विज्ञानाने एकट्याने केलेला नाही. त्यात खर्चाचा हिशेब आहे, आणि धडधाकट माणूस सोसेल हे गृहीतही.

कामगारांसाठीची सरासरी काढताना आठवड्याचे 40 तास धरले जातात. आपल्याकडे कायद्यानेच 48 चालतात. ओव्हरटाइम वेगळा. शिवाय हवा मोजायची ती कामगाराच्या कमरेला पंप आणि गळपट्टीला गाळणी लावून, त्याच्या श्वासाच्या उंचीवर. उपायही हाताशी आहे: ड्रिलवर पाण्याची धार सोडली की धूळ झपाट्याने बसते, हे खाणींना अनेक दशकांपासून माहीत आहे. तेव्हा दर पाळीच्या मोजणीचा आकडा हजेरीच्या खिडकीशेजारी, हिंदी-मराठीत, ठेकेदाराच्या मजुरालाही वाचता येईल असा लागायला हवा, आणि त्याच्या शेजारी 5 च्या जोडीला 0.02 सुद्धा.