न्यायासन आणि नजराणा

दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरू लागली, की आपल्याकडचा एक अलिखित कायदा अमलात येतो. शेजारणीकडून आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नाही! चकल्यांच्या बदल्यात अनारसे जातात, चिवड्याच्या बदल्यात शंकरपाळे. आणि घरात काहीच उरले नसले, तर निदान चिमूटभर साखर तरी त्या ताटात पडते. या रीतीत मोठा गोडवा आहे. पण तीत मनुष्यस्वभावाचे एक मर्मही दडलेले आहे. घेतलेल्या भेटीचे ओझे असते, आणि परतफेड केल्यावाचून ते उतरत नाही.

आता हेच ताट एखाद्या न्यायाधीशाच्या दारी गेले, अशी कल्पना करा. परत पाठविताना तो त्यात काय ठेवणार? देण्यासारखी एकच वस्तू त्याच्याजवळ आहे, ती म्हणजे निकाल. आणि ती तर त्याच्या मालकीची नव्हे!

आम्ही पडलो मराठीचे मास्तर. कायद्याची कलमे आमच्या वाट्याची नव्हेत. पण शब्दांकडे पाहण्याची खोड जात नाही. ‘भेट’ हा आपला शब्दच पाहा ना. माणसाला माणूस भेटणे हीही भेट, आणि त्याच्या हाती काही ठेवणे हीही भेटच. जणू रिक्तहस्ते भेटणे म्हणजे भेटणेच नव्हे! राजा, देव आणि गुरू यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपली जुनी शिकवण. आमच्या परभणीच्या मातीला तर ही रीत चांगलीच ठाऊक आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. निजामापुढे जायचे, तर अशर्फी आणि रुपये नजर करावयाचे, हा दरबारचा रिवाज. नजर करणे यात लाजिरवाणे असे कोणाला काही वाटत नसे. उलट नजर स्वीकारली गेली, हाच मान!

पण त्या जुन्या शिकवणुकीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राजा, देव, गुरू अशी तिघांची नावे तीत आहेत. न्यायाधीशाचे नाव नाही. राजाने प्रसन्न व्हावे, देवाने पावावे, गुरूने कृपा करावी, म्हणून आपण भेट ठेवतो. न्यायाधीशाने मात्र प्रसन्न व्हावयाचेच नसते.

पेशवाईच्या कागदपत्रांतून या बाबतीतले काही शब्द आपल्याला भेटतात. दाव्यात जिंकणाऱ्याने सरकारात भरावयाची रक्कम ती ‘हरकी’, म्हणजे हर्षाची. आणि हरणाऱ्याने भरावयाची ती ‘गुन्हेगारी’. हा सारा व्यवहार उघड, हिशेबात लिहिलेला. पण याच काळातला दुसरा एक शब्द आहे, ‘अंतस्थ’. आतल्या आत, कोणाला न कळता पोहोचविलेला पैसा तो अंतस्थ. उघड पैशाला हर्षाचे नाव आणि लपविलेल्या पैशाला काळोखाचे! आपल्या पूर्वजांना या दोहोंतला फरक समजत नव्हता, असे कोण म्हणेल?

तो फरक आचरणात दाखविणारा पुरुष म्हणून महाराष्ट्राने रामशास्त्री प्रभुण्यांना हृदयाशी धरले आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे शास्त्री आपण शाळेच्या पुस्तकांतून वाचलेले असतात; ‘प्रभात’च्या १९४४ सालच्या चित्रपटात अनेकांच्या आजोबांनी ते पडद्यावरही पाहिले. परंतु त्यांची दुसरी एक आख्यायिका आमच्या विषयाला अधिक जवळची आहे. शास्त्रीबोवांची पत्नी एकदा पेशव्यांच्या वाड्यात गेली. अंगावर साधे लुगडे, दागिन्यांचा पत्ता नाही. पेशव्यांच्या राणीसाहेबांना ते कसेसेच वाटले. त्यांनी तिला उंची वस्त्रे नेसविली, दागिन्यांनी मढविले आणि पालखीतून घरी पोहोचविले. शास्त्रीबोवा दारातच उभे. ते भोयांना म्हणाले, तुम्ही घर चुकलात. एवढ्या भरजरी बाईंचे घर हे नव्हे!

आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, ती ज्यांनी रचली आणि घरोघर सांगितली, त्यांची जाण मात्र पक्की होती. भेट न्यायाधीशाच्या पुढच्या दाराने येत नाही; ती माजघरातून येते, आपुलकीच्या पावलांनी येते. राणीसाहेबांच्या मनात काळेबेरे काहीच नव्हते. तरीही ती भेट परत गेली. का? कारण उद्या पेशव्यांच्याच विरुद्ध कोणी फिर्याद घेऊन आला असता, तर त्याने त्या पाटल्या पाहिल्या असत्या.

येथेच एक नेहमीचा युक्तिवाद पुढे येतो. ‘भेट घेतली म्हणून काय झाले? निकाल तर कायद्यालाच धरून दिला!’ हा युक्तिवाद जुना आहे, आणि तो करणारा माणूस लहानसहान नव्हता. इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सलर फ्रान्सिस बेकन, जगाने ज्याला तत्त्वज्ञ म्हणून गौरविले तोच, १६२१ साली पक्षकारांकडून भेटी घेतल्याच्या आरोपावरून पार्लमेंटपुढे उभा राहिला. भेटी घेतल्याचे त्याने कबूल केले. पण भेटीसाठी न्याय विकला नाही, असे त्याचे म्हणणे होते. गंमत अशी, की त्याच्यावर तक्रार करणाऱ्यांत त्याला पैसे देऊनही दावा हरलेले लोक होते! म्हणजे निदान त्या प्रकरणांत तरी त्याची लेखणी पैशाने वळली नव्हती. तरीही त्याला चाळीस हजार पौंडांचा दंड ठोठावण्यात आला, त्याला लंडनच्या टॉवरमध्ये जावे लागले आणि पद कायमचे गेले. दंड पुढे राजाने माफ केला. नावावरचा डाग मात्र चारशे वर्षे झाली तरी गेलेला नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. १९९५ सालच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाच्या वकीलवर्गात कुजबूज सुरू झाली. मुख्य न्यायाधीश न्या. ए. एम. भट्टाचार्जी यांनी मुस्लिम कायदा आणि राज्यघटना या विषयावर पुस्तक लिहिले होते. त्या पुस्तकाच्या मानधनापोटी लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेने त्यांना ऐंशी हजार डॉलर दिल्याची ती वार्ता होती. त्या वेळच्या भावाने ही रक्कम सुमारे पंचवीस लाख रुपये होते. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांचे वेतन तेव्हा दरमहा नऊ हजार रुपये होते. म्हणजे एका पुस्तकाने तेवीस वर्षांचा पगार मिळवून दिला, असा हिशेब झाला! कायद्याच्या पुस्तकाला एवढी बाजारपेठ कोठली, असा प्रश्न वकिलांना पडला, तर त्यात नवल ते काय? मराठीत पुस्तके लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना तर तो अधिकच पडावा.

बॉम्बे बार असोसिएशनचे अध्यक्ष तेव्हा इक्बाल छागला होते. स्वातंत्र्यानंतर ज्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद न्या. एम. सी. छागला यांनी भूषविले, त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांना प्रश्न विचारण्याची वेळ त्यांच्या चिरंजीवांवर आली. वकिलांनी चौकशी केली, न्यायमूर्तींशी बोलणी झाली, राजीनाम्याची मागणी झाली. आणि १ एप्रिल १९९५ रोजी न्या. भट्टाचार्जी पायउतार झाले. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या पैशाचा कोणत्याही खटल्याशी संबंध होता, असे कोठेही शाबीत झालेले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ते वकीलसंघाने न्यायाधीशावर असा दबाव आणावा काय, या मुद्द्यावर. आरोप खरे की खोटे, याचा निवाडा त्या न्यायालयाने केला नाही.

५ सप्टेंबर १९९५ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक वाट आखून दिली. न्यायाधीशाच्या वर्तनाविषयी सबळ तक्रार असेल, तर वकिलांनी सभा भरवून ठराव करू नयेत. ती गोष्ट उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या कानी घालावी, आणि मुख्य न्यायाधीशांविरुद्धच तक्रार असेल, तर देशाच्या सरन्यायाधीशांच्या. यातूनच पुढे न्यायसंस्थेच्या अंतर्गत चौकशीची पद्धत तयार झाली, आणि १९९९ साली ती सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारली. मार्च २०२५ मध्ये दिल्लीत न्या. यशवंत वर्मा यांच्या बंगल्याला आग लागली आणि जळक्या नोटांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा याच पद्धतीने तीन न्यायाधीशांची समिती नेमण्यात आली. आरोप त्यांनी नाकारले. पण चौकशीची वाट मुंबईच्या त्या प्रकरणाने मळविलेली होती, हे विसरता येत नाही.

ही वाट लागली तरी कशाला, असे कोणी विचारील. जिल्ह्यातल्या न्यायाधीशांवर उच्च न्यायालयाची देखरेख असते. घटनेच्या २३५ व्या कलमाने ती दिली आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला मात्र संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने ठराव केल्यावाचून दूर करता येत नाही. सरकारला न रुचणारा निकाल देतानाही त्याचा हात कापू नये, म्हणून हा बंदोबस्त. तो आवश्यकच आहे. पण तो किती अवजड आहे, हेही दिसून आले. न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरील आरोपांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष आपले न्या. पी. बी. सावंत होते. समितीने त्यांना दोषी ठरविले. तरीही ११ मे १९९३ रोजी लोकसभेत ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली, २०५ सभासद तटस्थ राहिले, आणि विरोधात एकही मत नसताना ठराव बारगळला!

तेव्हा कायद्याचा हात जेथे सहजी पोहोचत नाही, तेथे शीलानेच पहारा करावयाचा. ७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी एकत्र बसून आचाराचे सोळा नियम लिहून काढले, ते याचसाठी. कुटुंबीय, जवळचे नातेवाईक आणि मित्र यांच्याखेरीज कोणाकडूनही भेट वा पाहुणचार घेऊ नये. शेअरांची सट्टेबाजी करू नये. आपल्या जवळच्या नातलग वकिलाला आपल्यापुढे उभे राहू देऊ नये. आपल्यावर सदैव लोकांची नजर आहे, हे स्मरावे. नियम साधे आहेत. घराघरांतून वडीलधारे असेच काहीसे सांगत आले आहेत.

अवघड आहे तो त्यांतला एकच शब्द, ‘मित्र’. वीस वर्षे शेजारी बसून वकिली केलेला स्नेही न्यायाधीश झाल्यावर परका होतो काय? मुलीच्या लग्नात त्याने आणलेला आहेर कसा नाकारावा? आम्हाला वाटते, येथे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. मी या खुर्चीवर नसतो, तर ही भेट एवढीच आली असती काय? आणि उद्या भर न्यायालयात हिचा उल्लेख झाला, तर मला मान खाली घालावी लागेल काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचे ‘होय’ असे आले, तर पालखी परत पाठवावी हे बरे.

आणि हे सारे कोणासाठी? लोक म्हणतात, न्यायाधीश विकला जाऊ नये म्हणून. ते खरेच, पण आमच्या मते त्याहून मोठे कारण आहे, ते म्हणजे हरणारा माणूस. कोणत्याही दाव्यात एकजण हरतोच. जिंकणाऱ्याचा न्यायावर विश्वास बसायला काही लागत नाही. हरणाऱ्याने मात्र ‘माझी बाजू ऐकली गेली, कायदा माझ्या बाजूला नव्हता,’ असे म्हणून घरी जावे, यावरच न्यायसंस्था उभी आहे. त्याने हरणे मान्य केले नाही, तर तो निकालासाठी दुसरीकडे पाहू लागतो. कोणी दादाकडे, कोणी पुढाऱ्याकडे, कोणी कुऱ्हाडीकडे.

निजामाच्या काळी परभणीच्या माणसाला अपिलासाठी मुसी नदीकाठच्या हैदराबादच्या उच्च न्यायालयात जावे लागे. १९५६ नंतर मुंबई गाठावी लागली. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले, आणि आमच्याकडच्या गोरगरिबांची मोठी सोय झाली. धरणात वा कालव्यात जमीन गेलेला, वाढीव मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे भांडणारा शेतकरी आता रात्रीच्या गाडीने परत येऊ शकतो.

अशा एखाद्या शेतकऱ्याच्या विरुद्ध निकाल लागला, असे समजा. पिशवीत कागदांची गुंडाळी आणि घरून नेलेली, उरलेली भाकरी. गाडीत शेजारचा विचारतो, ‘काय झालं, काका?’ ते म्हणतात, ‘गेलं बाबा आपल्या इरुद्ध.’ यापुढचे वाक्य कोणते येते, यावर सारे अवलंबून आहे. ‘कायदाच तसा होता,’ असे ते म्हणाले, तर त्या न्यायाधीशाने आपले काम केले. आणि ‘समोरच्याचं वजन पडलं,’ असे म्हणाले, तर? निकाल कितीही शुद्ध असो, त्या माणसापुरते न्यायालय त्या दिवशी बंद झाले.

त्या न्यायाधीशाला काका ओळखत नाहीत. त्याच्या घरात कोणाचे ताट गेले, हे त्यांना कधी कळणारही नाही. त्यांच्याजवळ आहे तो केवळ भरवसा. तोही त्यांनी न्यायासनापुढे ठेवलेलाच असतो. न्यायाधीशाने घ्यावी, आणि जपावी, अशी भेट तेवढी एकच.